बांधावर कोण?

१

दहा वाजले की सुचिता चहाचा कप बाजूला सारायची, टेबलावरच्या काळ्या फोनचा रिसीव्हर उचलायची आणि विचारायची, "बांधावर कोण?"

महाप्याच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांची खोली होती. खिडकीतून पारसिकचा अर्धा कापून नेलेला डोंगर दिसे आणि आत भिंतभर पडदे. पडद्यांवरचे बांध मात्र सगळे दूरचे. खाणीतला दगड दळून त्यातला धातू काढून घेतला की मागे करडा, पिठासारखा गाळ उरतो आणि त्यात कालवलेलं पाणी. ते सोडून देता येत नाही. त्याला बांध घालून तळं करावं लागतं आणि खाण बंद पडली, मालक बदलले, तरी तो बांध राखावाच लागतो. महाप्यात बसून अशा बांधांच्या पोटातलं पाणी पाहायचं, हे सुचिताचं काम. बांधात उतरवलेल्या नळ्या आतलं पाणी किती चढलं ते कळवत, कॅमेरे उतार दाखवत, आणि सगळं ठीक असलं की पडद्याचा कोपरा हिरवा राही.

तीन नंबरचा बांध पूर्व विदर्भात होता. त्याच्या माथ्यावर पत्र्याची एक झोपडी होती, झोपडीत फोन होता. फेरीवर गेलेल्या माणसाने दहा वाजता त्या फोनपाशी असायचं आणि आपलं नाव सांगायचं. ही पद्धत धनेशची. धनेश म्हणजे सुचिताचा नवरा, याच कंपनीत तिला वरिष्ठ. "नळी पाणी सांगते गो," तो म्हणायचा, "पण बांधावर कुणाच्या तरी नावाचा माणूस पाहिजे." कंपनीतली पोरं हसायची. धनेश हसायचा नाही. तो बोनकोड्याचा, खाडीकाठच्या आगरी घरातला. बांध म्हटलं की त्याच्या आवाजात जरा वेगळंच काही यायचं.

गेल्या श्रावणात तो तीन नंबरवर पाहणीला गेला आणि तिथेच गेला. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तिथला सुपरवायझर वामन त्याला शोधत गेला तेव्हा धनेश बांधाच्या पायथ्याशी बसलेला होता, पाठ उताराला टेकवून, पाय ताणून, टाचा मातीत रोवून. "असं वाटलं का साहेब काही तरी ढकलून राहिले," वामन फोनवर सांगत होता आणि मग त्याला बोलवेना.

या जूनमध्ये त्यांची मुलगी अस्मिता त्याच साइटवर रुजू झाली. सुचिताने आकांडतांडव केलं नाही, तो तिचा स्वभाव नव्हता. तिने एवढंच विचारलं, "तिथेच का?" अस्मिता म्हणाली, "मम्मी, तिथेच." बांधाच्या खाली कामगारांची वसाहत होती. अस्मिता त्याच वसाहतीत राहत होती.

त्या दिवशी तिकडे पाऊस होता. सुचिताने फोन उचलला.

"बांधावर कोण?"

पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग कुणीतरी श्वास घेतला.

"मी हाय."

"नाव सांगा."

उत्तर आलं नाही. कुणी नवा माणूस असेल, तिला वाटलं. पावसाचा आवाज मोठा आहे, त्याला ऐकू गेलं नसेल. "बरं," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि ती गार झालेला चहा प्यायली.

जेवणाच्या सुमाराला वामनचा फोन आला.

"मॅडम, सकाळची हजेरी नाही देता आली, माफ करा. नाल्याले पूर आला न. पहाटेपासून रस्ता बंद आहे. बांधावर कोनीच नाही गेलं आज."

"कुणीच नाही?"

"कसं जाईन मॅडम? कमरेइतकं पानी आहे."

सुचिताने पडद्याकडे पाहिलं. कोपरा हिरवा होता.

२

घर कोपरखैरण्यात, बोनकोड्याला लागून. इमारत उभी होती ती जमीन एके काळी धनेशच्या वडिलांची भातखाचरं होती. सहाव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये आता सुचिता आणि तिची सासू पुतळा, दोघीच.

दार उघडताच राजलक्ष्मीचा आवाज आला. ती वरच्या मजल्यावर राहायची आणि सोसायटीची सेक्रेटरी होती.

"सुचिता, मी स्वतः बघायला आले. माझं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे. प्लंबर म्हणाला, लीकेज वरून नाहीच. आता माझ्या टाइल्स फोडायचं नाव काढू नको बाई, गेल्याच वर्षी बसवल्यात."

"मग पाणी येतं कुठून?"

"ते मला काय माहीत? तुझ्या सासूबाईंना विचार. तासभर त्या भिंतीला कान लावून बसल्यात. मी आले तर मलाच म्हणतात, हळू बोल."

ती गेल्यावर सुचिता धनेशच्या खोलीत गेली. त्याचा पलंग, त्याचं कपाट, दाराच्या खुंटीवर त्याचा निळा रेनकोट. पलंगामागच्या भिंतीवर, हातभर उंचीवर ओल आली होती. तिथून पाणी पाझरत होतं, अगदी बारीक आणि अगदी स्वच्छ. तिने बोट लावून पाहिलं. बोट थंड पडलं.

पुतळा पलंगाच्या कडेवर बसली होती. लुगड्याचा ओचा आवरलेला, मांडीवर निवडायचे वाल.

"आई, इथे ओलीत कशाला बसलात?"

"आयकते." पुतळाने वर पाहिलं नाही. "आज बांदावर कोन व्हता गो?"

सुचिता चपापली. सासूशी कामाचं बोलणं तिने कधी केलं नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत मी काय विचारते ते?"

"धनूनं सांगलेला. म्हनला, आये, मी हापिसात पन आपलेवानी विचारतं." पुतळा किंचित हसली. "आमचे खारजमिनीचा बांद व्हता ना, खारीचा पानी थांबवाला. भरती चरली का गावचा मानूस दारादारात यायचा. घरातला कोन? आपुन नाव घ्यायचा. ज्याचा नाव घेतला त्यो बांदाचा. घरातला दुसरा बदलीला जाईपरत त्याना हलायचा नाय. जोळ म्हनायचे त्याला."

"आणि बांध फुटलाच तर?"

"खांड परली तं मंग खांडीत बसायचे. पाठीला पाठ लावून. मागशी बाकीचे चिखल टाकीत. पानी वसरला का उठायचे."

"माणसं बसायची? फुटलेल्या जागेत?"

"मंग काय म्हशी बसवशील?"

सुचिताला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. तिच्या डोळ्यांपुढे वामनने सांगितलेलं चित्र आलं होतं. पाय ताणलेले, टाचा रोवलेल्या. ती साताऱ्याकडच्या शिक्षकांच्या घरातली. अशा गोष्टी ती आदराने ऐकायची आणि तिथेच सोडून द्यायची.

"आणि कुणी उठलंच नाही तर, आई?"

पुतळाने एक किडका वाल बाजूला टाकला.

"त्याची बदली नाय आली तं त्यो कसा उठंल?"

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा साहेब यशराज खूश होता. वयाने तिच्याहून बराच लहान, पण मनाने वाईट नाही. क्लायंटचा फोन आला की मात्र तो उभा राहून बोलायचा.

"मॅडम, तीन नंबर बघा. सीपेज झिरो."

तीन नंबरच्या पायथ्याशी लोखंडी पत्र्याची एक खाच होती. बांधातून झिरपलेलं पाणी त्या खाचेतून खाली पडायचं आणि एक कॅमेरा सतत तिच्याकडे रोखलेला असायचा. मातीचा बांध झिरपतोच, झिरपलंच पाहिजे. पाणी स्वच्छ असेल तोवर चिंता नाही. गढूळ झालं की समजायचं, बांध आतून पोखरला जातोय. पण खाच कोरडी पडलेली सुचिताने कधी पाहिली नव्हती. आज पडद्यावर ती कोरडी होती. वरून पाऊस पडत होता आणि तिच्यातून थेंब येत नव्हता.

"हे चांगलं नाही, यशराज."

"का? पाणी गळत नाही म्हणजे चांगलंच ना?"

"वर तळं भरतंय. नळ्यांतलं पाणी जागचं हललेलं नाही. खालून काही येत नाही. मग पाणी जातंय कुठे?"

"बाष्पीभवन."

"पावसात?"

यशराज खजील होऊन हसला. "तसं नाही हो. पण कोपरा हिरवा आहे. हिरव्यावर मी क्लायंटला काय सांगू? वसाहत रिकामी करा? प्लँट बंद पडेल, मॅडम. तुम्ही टेन्शन घेऊ नका. झोप झालीय ना नीट?"

शेवटचा प्रश्न त्याने मऊ आवाजात विचारला. गेल्या श्रावणापासून सगळेच तिला तो विचारायचे.

नळ्या अडकल्या असतील, तिने स्वतःला समजावलं. तारेत पाणी शिरलं असेल. खाचेचं तोंड गाळाने बुजलं असेल, मग पाणी दुसरीकडून वाट काढत असेल आणि ते कॅमेऱ्याला दिसत नसेल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण तितकंच भीतिदायक होतं. वसाहत हलवायला एवढं पुरेसं होतं. कालच्या त्या आवाजाची त्यात गरजच नव्हती.

दहा वाजले. तिने फोन उचलला.

"बांधावर कोण?"

पत्र्यावरचा पाऊस. मग तो श्वास, कपाट ढकलताना माणूस घेतो तसा, धरून धरून सोडलेला.

"धनेश."

रिसीव्हर तिच्या हातून सुटला आणि टेबलाच्या कडेवर आपटून लोंबत राहिला. यशराजने तो उचलून कानाला लावला.

"हॅलो? कोण?... कट झाला." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

"नाव सांगितलं," सुचिता म्हणाली.

तिने वामनला लावला. नाल्याचं पाणी उतरलं नव्हतं. बांधावर आजही कुणी नव्हतं.

मग तिने अस्मिताला लावला.

"अस्मिता, बॅग भर आणि नागपूरला जा. आत्ता. कारण विचारू नको."

"मम्मी, खाच कोरडी पडलीय म्हणून ना? मी पण बघितलं. मी इथे सगळ्यांना सांगतेय. कुणी ऐकत नाही, कोपरा हिरवा आहे म्हणतात."

"म्हणून म्हणते, तू तरी नीघ."

"आणि शेजारची रंजिता? तिची दोन पोरं? वामनदादाची आई, तिला तर उठता पण येत नाही." अस्मिताचा आवाज अगदी बापासारखा शांत झाला. "तुझ्या हातात भोंगा आहे मम्मी. सगळ्यांना काढ. मग मी निघते. सगळ्यात शेवटी, पण निघते. प्रॉमिस."

४

वसाहत रिकामी करायच्या भोंग्याची कळ महाप्यातही होती. कोपरा लाल झाला की पाहणाऱ्याने ती दाबायची, साहेबाला विचारत बसायचं नाही, असा नियम होता. हिरव्यावर दाबायची सोय होती, पण नियम नव्हता.

दुपारी यशराज जेवायला गेला. खोलीत एसीची घरघर तेवढी राहिली. सुचिता खाचेच्या चित्राकडे पाहत बसली होती.

चित्राच्या डाव्या कडेला, उताराच्या अगदी बुडाशी, काहीतरी निळं होतं. सकाळी ते नव्हतं. प्लास्टिक असेल, वाहून आलेलं. तिने चित्र मोठं केलं. पावसाच्या रेघांमधून आधी एक बूट दिसला, टाच मातीत रुतलेली. मग गुडघा. मग उताराला घट्ट टेकवलेला निळा खांदा, आणि तो खांदा हळूहळू सरकत होता. मागे सरकायचा, थांबायचा, पुन्हा मागे. त्याच्या पलीकडे आणखी एक खांदा होता. त्याच्यापलीकडे बहुतेक आणखी एक. त्यांच्या अंगावर कपडे होते की नुसता करडा गाळ, ते कळत नव्हतं. कॅमेरा तिथे संपत होता.

काळा फोन वाजला.

तो कधी वाजत नसे. नेहमी इकडूनच तिकडे लावायचा असे.

"सुचे," पलीकडून धनेश म्हणाला. "दमलो गो."

तिला रडू आलं नाही. तिचं सगळं अंग फक्त थंड पडलं, काल भिंतीला लागलेल्या बोटासारखं.

"धनेश, तू कुठे आहेस?"

"पानी लय हाय. बदली पाठव." श्वास. "घरातला कोन?"

"अस्मिता," सुचिता म्हणाली, "धनेश, अस्मिता तिथेच आहे, खाली वसाहतीत आहे, तू तिला..."

"बरं," धनेश म्हणाला.

फोन बंद झाला.

सुचिताने कळ दाबली. कोपरा हिरवाच होता. दूर कुठेतरी भोंगा वाजू लागला असणार. इथे पडद्यावर फक्त एक लाल अक्षर लुकलुकायला लागलं. वसाहतीच्या कॅमेऱ्यात दारं उघडली, माणसं बाहेर आली, कुणी पोर काखोटीला मारलं, कुणी म्हातारीला पाठीवर घेतलं आणि सगळे शाळेच्या टेकडीकडे चढू लागले. रेनकोटातली एक मुलगी सगळ्यांच्या मागून चालली होती. सुचिताने तिची चाल ओळखली.

खाचेच्या चित्रात निळं काही नव्हतं. नुसता पाऊस होता.

"मॅडम!" यशराज दारात उभा होता, हातात डबा तसाच. "काय केलंत हे? हिरव्यावर? मी आता काय सांगू त्यांना?"

"सांग, बाईचं डोकं फिरलं."

"घरी जा तुम्ही," तो म्हणाला. मग खुर्चीत बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "प्लीज, घरी जा."

५

ती घरी पोचली तेव्हा ऊन अजून होतं. धनेशच्या खोलीत पुतळा भिंतीला कान लावून उभी होती. ओल आता तिच्या खांद्याच्या वर चढली होती. खाली पलंगाभोवती पाणी साचलं होतं आणि ते कालच्यासारखं स्वच्छ नव्हतं. दुधात राख कालवावी तसा त्याचा रंग होता. सुचिताने ते चिमटीत घेऊन चोळलं. पिठासारखं लागलं. खाडीचा चिखल काळा असतो आणि त्याला वास येतो. याला वास नव्हता.

"धनू बोलला ना तुज्याशी?" पुतळाने विचारलं.

सुचिता भिंतीपाशीच खाली बसली आणि तिने सासूला सगळं सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून दोघी एवढ्या सलग कधी बोलल्या नव्हत्या.

"बदली मांगली?"

"हो."

"घरातला कोन, ईचारला?"

"हो."

"मंग तू काय बोलली?"

सुचिताने तोंड उघडलं आणि तिला कळलं. आपण काय बोललो ते तिला शब्द न् शब्द आठवलं, आणि त्यावर आलेलं ते "बरं"ही.

"आई, मी तिचं नाव... मी फक्त सांगत होते, ती तिथे आहे म्हणून."

"नाव घेतलास," पुतळा म्हणाली. आवाजात राग नव्हता. घरातलं दूध उतू गेलेलं कळावं, तेवढंच होतं.

सुचिताने अस्मिताला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग वामनने उचलला.

"मॅडम, अस्मिता मॅडम फोन माह्यापाशी देऊन गेल्या. सगळे टेकडीवर आले, सगळे बराबर आहेत. अन् मग एकाएकी म्हने, मले बांधावर जा लागते. मी म्हटलं काऊन? तं म्हने, नाव पुकारलं माहं. आवाज तं काहीच नव्हता मॅडम. मी धावलो मागं, पन त्या नाल्यातून सरळ गेल्या. पानी जसं त्यायच्या पायाले लागतच नाही..."

"तिला अडवा! वामन, तिला अडवा!"

ती ओरडत होती. पुतळाने तिचा दंड धरला आणि तिला खोलीबाहेर ढकललं. ऐंशीच्या घरातल्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं सुचिताला वाटलं नव्हतं.

"आई, काय करताय?"

"थोरला असतांनी पोराचा नाव लागत नाय." दार लागलं. आतून कडी सरकली.

सुचिता दारावर थापा मारत राहिली. आतून पलंग सरकवल्याचा आवाज आला, मग पाण्यात पाय टाकल्याचा. आणि मग पुतळाचा आवाज, खणखणीत, वाडीवस्तीच्या टोकाला ऐकू जावा असा:

"पुतला! बांदावर पुतला!"

मग कुणी तरी जड काहीतरी ढकलू लागलं. एकटं माणूस नव्हे, पुष्कळ माणसं. आवाज भिंतीच्या आतून येत होता. सुचिता दाराला चिकटून उभी होती. तिच्या तळव्यांखाली लाकूड थरथरत होतं. इमारत हलतेय, तिला वाटलं. पण दिवाणखान्यातला दिव्याचा लोलक स्थिर होता.

एकाएकी सगळं थांबलं.

फोन वाजला. वामनचा नंबर, आणि पलीकडे अस्मिता, रडत, धापा टाकत.

"मम्मी, मी बांधावर कशाला गेले मला माहीत नाही. मी पायवाटेवर होते. समोरून एक म्हातारी आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, सगळं अंग करडं. तिने माझ्या पाठीत एवढा जोरात धपाटा घातला. म्हणाली, घरा जा गो, तुजा काय काम हाय हतं." ती हुंदका देत थांबली. "मम्मी, आजी कुठे आहे?"

राजलक्ष्मीने वॉचमनला बोलावून दार फोडलं. पुतळा भिंतीशी बसली होती. पाठ भिंतीला, पाय ताणलेले, तळहात दोन्ही बाजूंना सपाट टेकवलेले. चेहरा कामात गढलेल्या माणसाचा. गुडघ्यापर्यंत पाय करड्या गाळाने माखले होते. खोलीतलं पाणी नाहीसं झालं होतं आणि भिंत अशी कोरडी होती की जणू रंग कालच दिलाय.

६

बोनकोड्याचं अख्खं गाव स्मशानात आलं. सगळे म्हणाले, म्हातारीचं सोनं झालं. न्हाऊ घातलं तरी पायांवरचा गाळ पुरता निघाला नाही, त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं, एवढंच.

तीन नंबरच्या खाचेतून पुन्हा पाणी पडायला लागलं. बारीक आणि स्वच्छ. यशराज भेटायला आला, हातात फळांची पिशवी.

"भोंगा आपण ड्रिल म्हणून दाखवलाय," तो म्हणाला. "क्लायंट उलट खूश आहेत. लोकांनाही सोमवारी खाली आणलं."

"खाली आणलं? वसाहतीत?"

"मॅडम, शाळेत किती दिवस ठेवणार? शाळा सुरू करायचीय."

"तो बांध आपणहून टिकलेला नाही, यशराज. त्याला धरून ठेवलंय."

यशराजने मान हलवली. दुःखातली माणसं काहीबाही बोलतात आणि आपण ते ऐकून घ्यायचं असतं, हे त्याला माहीत होतं. जाताना त्याने तिला विचारलं, झोप होते ना नीट. पायथ्याला दगडांचा भराव घाला, वसाहत टेकडीपलीकडे न्या, असं तिने त्याला दारातच बजावलं. तो म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू.

अस्मिता घरी होती. दोघी मायलेकी दिवाणखान्यात झोपायच्या. धनेशच्या खोलीचं दार वॉचमनने तात्पुरतं बसवून दिलं होतं आणि ते ओढून घेतलेलं होतं. पहिल्या दिवशी अस्मिताने विचारलं होतं, "मम्मी, आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"कुणीतरी घोरतंय."

वीस-बावीस वर्षं सुचिताने ते घोरणं शेजारी ऐकलं होतं. दमून आलेल्या माणसाचं घोरणं. मध्येच अडखळायचं, मग कूस बदलल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा सुरू. खुंटीवरच्या निळ्या रेनकोटातून पाणी ठिबकायचं आणि दाराच्या फटीतून त्याची करडी रेघ बाहेर यायची. ती रेघ सुचिता रोज सकाळी फडक्याने पुसून घ्यायची. दार तिने उघडलं नव्हतं. उघडावं असं तिला फार वाटायचं. म्हणूनच उघडलं नव्हतं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी तिकडे पावसाचा जोर वाढल्याची बातमी आली. सकाळची वेळ होती. अस्मिता ओट्याशी चहा गाळत होती, सुचिता वाल निवडत होती. डबा उघडला तेव्हा वाल अर्धे निवडलेले होते, पुतळाने ठेवलेले.

सुचिताचा मोबाइल ओट्यावर वाजला.

"मम्मी," अस्मिताने वाकून पाहिलं, "बांधावरच्या झोपडीचा नंबर आहे. तिथून मोबाइलवर कसा येईल?" तिने हात पुसला. "थांब, मीच बघते."

तिचं बोट फोनकडे गेलं.

वाल फरशीवर सांडले. सुचिताने फोन लेकीच्या हाताखालून ओढून घेतला आणि कानाला लावला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. पावसाखाली कुणी म्हातारं माणूस श्वास घेत होतं, धरून धरून सोडत होतं. "सूनबाय," असं त्या श्वासात आलं, आणि मग, "घरातला..."

प्रश्न तिने पुरा होऊ दिला नाही.

"सुचिता," ती म्हणाली. "बांधावर सुचिता."

अस्मिता हातात गाळणी धरून तिच्याकडे बघत राहिली. घरात सगळं शांत झालं होतं. आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं होतं.

मग पलंग करकरला. कुणीतरी उठून बसलं होतं.